जेडन रीडच्या हातात चेंडू द्या की राव! (पॅकर्सवाल्यांचा धागा)

चिंचवडचा_चीजहेड | 6 मे 2025

मंडळी, अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट (संघांनी कॉलेजातले नवे खेळाडू फेरीफेरीने निवडणं) आटोपला. आपल्या पॅकर्सच्या गावात, ग्रीन बेमध्ये जमलेली जत्रा पांगली. माझ्या डोक्यातला किडा मात्र जात नाही, म्हणून हा धागा.

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय असतं. सामन्याच्या दिवशी आपला रिसीव्हर (पास झेलणारा गडी) जेडन रीड याच्या हातात चेंडू आला की मी त्या चौकोनात पेन्सिलीने एक रेघ मारतो. झेल असो की धाव (क्रिकेटची नव्हे, चेंडू हातात घेऊन पळण्याची खेळी), रेघ एकच. बायको याला वेड म्हणते. परवा बेरीज तपासली तेव्हा चाट पडलो. 2023 मध्ये रीडचे 64 झेल आणि 11 धावा, म्हणजे 75. 2024 मध्ये 55 झेल आणि 20 धावा. पुन्हा 75!

पहिल्या वर्षी पोरगा नवखा होता. तरी त्याने 64 झेल घेऊन स्टर्लिंग शार्पचा 1988 पासूनचा नवख्यांचा क्लब-विक्रम मोडला. दुसऱ्या वर्षी झेल आणि धावा मिळून 1,020 यार्ड काढले, म्हणजे चेंडू हातात आला की सरासरी साडेतेरा यार्ड. असा माणूस हाताशी असताना त्याच्याकडे चेंडू जाण्याचा आकडा दोन वर्षं एका जागी ठाण मांडून कसा बसतो?

साओ पावलोचा सामना आठवा. एक 70 यार्डांचा टचडाउन झेल (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवणं), एक 33 यार्डांची टचडाउन धाव. थँक्सगिव्हिंगला मायामीविरुद्ध दोन टचडाउन. आणि पुढच्याच आठवड्यात डेट्रॉइटमध्ये साहेब मैदानावर आहेत की नाहीत हे मला दुर्बिणीने शोधावं लागलं.

आता पहिल्या फेरीत मॅथ्यू गोल्डन आला, तिसऱ्या फेरीत सॅव्हियन विल्यम्स आला. पंगतीत दोन पानं वाढली, वाढपी एकच. माझं म्हणणं साधं आहे: सामन्याला किमान सात वेळा चेंडू रीडकडे गेलाच पाहिजे. तुमचं मत सांगा. शिव्या घाला, पण आकडे देऊन घाला.

तिरकस | 6 मे 2025

मागच्या वर्षी आपला रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा गडी) जोश जेकब्सला 301 वेळा चेंडू देऊन पळवला. 1,329 यार्ड आणि 15 टचडाउन आले. चेंडू एकच असतो मालक. कोणाच्या ताटातला काढून रीडला वाढायचा, तेवढं सांगा.

बाराखडी | 6 मे 2025

शीर्षकात 'चेंडू' वाचून हौसेने धागा उघडला. आत आले तर हातात धरून पळायच्या त्या नारळाबद्दल चर्चा चाललीय. पायाने न खेळता याला फुटबॉल का म्हणतात, हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी नवऱ्याने पटेल असं सांगितलेलं नाही. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

फुलटॉस | 6 मे 2025

याचं उत्तर आम्हा नागपूरकरांना 2005 पासून माहीत आहे. ऑक्टोबर महिना, श्रीलंकेविरुद्धचा पहिला वनडे, व्हीसीएचं जुनं मैदान. इरफान पठाणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवला आणि पठ्ठ्याने 83 धावा कुटल्या. मी स्टँडात होतो, दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. पुढे काय झालं? पोरगं मुळात स्विंग गोलंदाज. त्याला हे पण कर, ते पण कर म्हणून ताणला आणि शेवटी स्विंगच हरवला.

अष्टपैलू पोराला 'जास्त सामील करून घ्या' म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. रीड ज्यात पटाईत आहे तेच त्याला करू द्या.

तिरकस | 6 मे 2025

फुलटॉस, कोणताही धागा तुम्ही तीन प्रतिसादांत क्रिकेटवर आणता. आज पहिल्याच प्रतिसादात आणलात. प्रगती आहे.

रेषेपलीकडे | 7 मे 2025

आधीच सांगून टाकतो, मी शिकागोत राहतो आणि पॅकर्सच्या जुन्या वैऱ्यांचा, बेअर्सचा चाहता आहे. तेव्हा माझा सल्ला जपून घ्या. :)

चीजहेड, तुमची रेघांची मोजणी गमतीची आहे, पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते. चेंडू किती वेळा दिला याच्या आधी माणूस किती वेळा मैदानावर होता ते बघायला हवं. खरी मेख तिथे आहे.

ज्यांना हे तपशील ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने लिहितो. मैदानावर आक्रमणाचे अकरा जण असतात. त्यातली पाच जणांची भिंत आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) सोडला तर उरतात पाच. या पाचांत रनिंग बॅक किती, टाइट एंड (भिंतीला लागून उभा, अडवणारा आणि झेलणाराही) किती आणि रिसीव्हर किती, यावरून रचनेला आकडा पडतो. पहिला अंक रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. म्हणजे '11' असेल तर रिसीव्हर तीन, '12' असेल तर दोन.

रीड मुख्यतः स्लॉटमध्ये खेळतो, म्हणजे कडेचा रिसीव्हर आणि भिंत यांच्या मधल्या जागेत. तीन रिसीव्हर असले की तो आत असतो. प्रशिक्षक लाफ्लरने दुसरा टाइट एंड आणला की बाहेर जाणारा माणूस बहुतेक वेळा रीड असतो. कारण दोन रिसीव्हरांच्या रचनेतून टीम बरेचदा धावत जाते, आणि मग रिसीव्हरलाही समोरच्या बचावातल्या कॉर्नरबॅकला किंवा सेफ्टीला अंगावर घेऊन अडवावं लागतं. बाकीच्या रिसीव्हरांत डब्स 6 फूट 2 इंच, वॉटसन 6 फूट 4 इंच. रीड 5 फूट 11 इंच आणि वजन 187 पौंड. प्रशिक्षकाने कोणाला ठेवावं?

आता याची दुसरी बाजू, जी बेअर्सवाल्याने सांगू नये. दोन टाइट एंड दिसले की बचाव आपले जड गडी आणतो, लाइनबॅकर वाढवतो. अशा वेळी रीड आत असेल तर त्याच्यामागे एखादा लाइनबॅकर धावत सुटेल. रीडला याहून मोठी मेजवानी नाही! पण तो फक्त पासच्या वेळी आत आला आणि धावेच्या वेळी बाहेर गेला, तर बचावाला तुमचे पत्ते उघडे दिसतात. म्हणून तो दोन रिसीव्हरांत राहून अडवायलाही तयार हवा. मग तुमच्या रेघा आपोआप वाढतील. सात हा आकडा ठरवून काही होणार नाही.

चिंचवडचा_चीजहेड | 7 मे 2025

रेषेपलीकडे, दंडवत. शत्रूच्या गोटातून इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं.

पण अंगकाठीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. लाफ्लर 2017 मध्ये रॅम्समध्ये मुख्य प्रशिक्षक मॅकव्हेच्या हाताखाली होता. त्याच मॅकव्हेने आपला स्लॉट रिसीव्हर कूपर कपला टाइट एंडसारखा भिंतीला चिकटवून अडवायला लावलं आणि त्याच कपने 2021 मध्ये 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन केले. म्हणजे स्लॉटवाला अडवू शकत नाही असं काही नाही.

रेषेपलीकडे | 7 मे 2025

कप 6 फूट 2 इंच आहे हो. वजनही वीस पौंड जास्त. तुमचा मुद्दा खोटा नाही, उदाहरण मात्र पैलवानाचं घेतलंत.

सहकारमहर्षी | 7 मे 2025

मी पॅकर्सचा भागधारक आहे! 2021-22 च्या विक्रीत 300 डॉलर मोजून एक शेअर घेतला. आमच्यासारखे पाच लाखांहून जास्त मालक आहेत. लाभांश नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, तिकीटही मिळत नाही. मिळतो तो एक कागद, भिंतीवर लावायला.

आमच्या आजोबांकडे साखर कारखान्याचा शेअर होता. निदान दिवाळीला सवलतीच्या दरात साखर तरी यायची. इथे चीजसुद्धा नाही.

तरीही मालक या नात्याने माझा ठराव: रीडला चेंडू द्यावा. अनुमोदक कोण?

तिरकस | 7 मे 2025

अनुमोदन. चहा-बिस्किटांनंतर सभा संपली.

बे_एरियातला_बाप्या | 8 मे 2025

आम्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या नायनर्सवाल्यांची जखम इथे उघडी करतो, कारण हा सिनेमा आम्ही अख्खा पाहिलाय.

2021 साली आम्ही 3 विजय, 5 पराभव यावर अडकलो होतो. मग प्रशिक्षक शानहानने रिसीव्हर डीबो सॅम्युएलला सरळ रनिंग बॅकच्या जागी उभं करायला सुरुवात केली. नोव्हेंबरात सोमवारी रात्री रॅम्सला 31-10 असं लोळवलं, तेव्हा मी लेवायला, आमच्या स्टेडियमवर होतो. त्या मोसमात डीबोचे 77 झेल आणि 1,405 यार्ड. वर 59 धावांत 365 यार्ड आणि 8 टचडाउन. एका मोसमात धावून इतके टचडाउन आधी कोणत्याही रिसीव्हरने केले नव्हते. शेवटच्या सामन्यात तर त्याने चेंडू फेकून एक टचडाउन करून दिला. स्वतःच्या कामाला त्याने नावही दिलं, 'वाइड बॅक'.

एप्रिल 2022 मध्ये काय झालं? साहेब म्हणाले, मला दुसरीकडे पाठवा. त्याला तसं वापरल्यामुळे अंगाची होणारी झीज हे एक कारण असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. शेवटी मोठा करार झाला, पण तसा मोसम पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी 632 यार्ड. आणि या मार्चमध्ये आम्ही त्याला ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात वॉशिंग्टनला दिला.

डीबो 215 पौंडांचा दांडगा गडी. त्याची ही गत झाली. रीडला भिंतीत घुसवाल तर हाडं मोजायला लागतील.

चिंचवडचा_चीजहेड | 8 मे 2025

भिंतीत घुसवा असं मी कुठे म्हटलंय? जेट स्वीप (कडेने पळत येताना हातात चेंडू) द्या, स्क्रीन (पुढे अडवणारे ठेवून छोटा पास) द्या, मोकळ्या मैदानात चेंडू द्या.

जर्सीतली_आई | 8 मे 2025

मी या खेळातली तज्ज्ञ नाही, पण माझा मुलगा न्यू जर्सीत शाळेच्या टीममध्ये स्लॉट खेळतो. म्हणून थोडं लिहिते.

नववीत होता तेव्हा प्रशिक्षकाला कळलं की हा पोरगा काहीही करतो. मग किक परत आणायला हा. पंट (समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू) झेलायला हा. रिसीव्हर हा. एक दिवस क्वार्टरबॅक आजारी पडला तर तिथेही हाच. मला आधी अभिमान वाटायचा, सगळ्यांना फोन करून सांगायचे. ऑक्टोबर उजाडेपर्यंत पोरगा रात्री जेवता जेवता झोपायला लागला. एक दिवस मला म्हणाला, "आई, सगळे मला 'तू काहीपण करू शकतोस' म्हणतात, पण मी नक्की काय आहे ते कोणीच सांगत नाही." चौदा वर्षांचं लेकरू!

दुसऱ्या वर्षी नवे प्रशिक्षक आले. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, तू स्लॉट रिसीव्हर. बाकी सगळं त्यानंतर. त्यांनी त्याला चेंडू जास्त दिला नाही, उलट कमीच दिला. पण तो प्रत्येक खेळीला मैदानावर असायचा. त्यामुळे समोरचा बचाव त्याला शिकला तसा हाही त्यांना शिकला. कोण कुठल्या पायावर आधी झुकतो, कोण दमला की कंबर धरतो, हे सगळं तो घरी येऊन सांगायचा. अधूनमधून बोलावलेल्या माणसाला हे दिसत नाही हो.

आता फ्लॅग फुटबॉल 2028 च्या ऑलिंपिकमध्ये येणार आहे, तर चिरंजीवांना भारताकडून खेळायचंय. आधी गणितात पास हो म्हटलं.

बाराखडी | 8 मे 2025

जर्सीतली_आई, या धाग्यात मला कळलेला हा पहिला प्रतिसाद. आमच्या ऑफिसातही एक असा 'काहीपण करू शकतो' आहे. आठ वर्षांत त्याला बढती नाही.

फुलटॉस | 9 मे 2025

जर्सीतल्या ताईंनी माझाच मुद्दा जास्त चांगला मांडला. पठाण, पठाण, पठाण.

लेगबाय | 9 मे 2025

फुलटॉस, राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. पठाणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याची कल्पना सचिनची होती, प्रशिक्षक चॅपेलने माझी कारकीर्द बिघडवली असं मी मानत नाही, हे स्वतः पठाणनेच मुलाखतीत सांगितलंय. तुम्ही त्याच्या वतीने वीस वर्षं सुतक पाळताय.

फुलटॉस | 9 मे 2025

तो सभ्य माणूस आहे, म्हणून तसं म्हणाला. मी स्टँडात होतो.

तिरकस | 9 मे 2025

स्टँडातून स्विंग हरवताना दिसला का?

कृष्णाकाठ | 10 मे 2025

क्रिकेट राहू द्या. हा खेळ कबड्डीच्या डोळ्यांनी बघा, लगेच उलगडतो.

मी सांगलीत कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलो. आता मिनेसोटात असतो, म्हणजे इथे मीही शत्रूच. आमच्या संघात एक चढाईपटू होता, गुण फार आणायचा नाही. पण तो मध्यरेषा ओलांडून डावीकडे सरकला की समोरची अख्खी साखळी त्याच्याबरोबर डावीकडे ओढली जायची. एकदा कोपऱ्याची सवय मोडली की पुढच्या चढाईत आमचा दुसरा गडी उजवीकडून खुशाल बोनस घेऊन यायचा. वहीत गुण दुसऱ्याच्या नावावर.

जेट मोशन म्हणजे तेच. स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी रीड एका कडेने दुसऱ्या कडेकडे सुसाट पळत येतो. नियमाने स्नॅपच्या क्षणी एकच जण हलू शकतो, तोही आडवा किंवा मागे, पुढे नाही. चेंडू त्याला दिला तर स्वीप. नाही दिला तरी दोन लाइनबॅकर त्याच्या बाजूला दोन पावलं सरकलेले असतात आणि जेकब्स मधून घुसतो. त्या 1,329 यार्डांत रीडचा वाटा किती, हे कालनिर्णयावर कुठे लिहिणार चीजहेड?

अर्थात, दर चढाईला नुसतीच हूल दिली तर समोरचे हसायला लागतात. अधूनमधून हात लावून यावंच लागतं.

रेषेपलीकडे | 10 मे 2025

कृष्णाकाठ, हे माझ्या तीन परिच्छेदांपेक्षा सरस.

एक गंमत जोडतो. पुढून पळत जाणाऱ्या रीडला क्वार्टरबॅकने चेंडू हातात दिला तर ती धाव. तोच चेंडू वीतभर पुढे टोलवला तर तो पास आणि रीडच्या नावावर झेल. खेळी तीच. चुकून खाली पडला तर मात्र फरक कळतो: पहिल्या प्रकारात फंबल (चेंडू समोरचेही उचलू शकतात), दुसऱ्यात नुसता अपूर्ण पास. म्हणून बरेच प्रशिक्षक टोलवणंच पसंत करतात.

चिंचवडचा_चीजहेड | 10 मे 2025

म्हणजे झेल आणि धाव यांना एकच रेघ मारण्याचं माझं धोरण शास्त्रशुद्ध निघालं. बायकोला दाखवतो.

कृष्णाकाठ, हूल देण्यासाठी वेगळी खूण करावी लागेल. टिंब चालेल?

जुना_खोंड | 11 मे 2025

पोरांनो, मी 1996 पासून विस्कॉन्सिनात आहे. पॅकर्सनी हे आधी केलेलं आहे, नीटही आणि नडगीवर आपटूनही.

रँडल कॉब 2011 चा, दुसऱ्या फेरीतला. कॉलेजात क्वार्टरबॅकही खेळलेला. पहिल्याच सामन्यात सेंट्सविरुद्ध 108 यार्ड किक परत आणून टचडाउन, शिवाय एक झेलून. 2012 मध्ये 80 झेल, 954 यार्ड, वर किक-पंट-धावा सगळं धरून 2,342 यार्ड. क्लबचा विक्रम. पण लक्षात घ्या, कॉब आधी रिसीव्हर होता. बाकीचं सगळं वरचं लोणचं.

मग टाय माँटगोमेरी. 2015 ला तिसऱ्या फेरीत रिसीव्हर म्हणून घेतला. 2016 मध्ये रनिंग बॅक जायबंदी झाले म्हणून याला मागे उभा केला, अंगावर तोच रिसीव्हरचा 88 नंबर. डिसेंबरात शिकागोत कडाक्याच्या थंडीत 162 यार्ड धावला. आम्हाला वाटलं हिरा सापडला. दोन वर्षांत त्याला बाल्टिमोरला दिला. ना तो धड रिसीव्हर उरला होता, ना रनिंग बॅक. धोब्याचा कुत्रा.

रीडला कॉब करा, माँटगोमेरी नको.

बाराखडी | 11 मे 2025

काका, लोणच्याचा हिशेब कळला. या खेळात जेवायचं काय असतं? नवऱ्याने रविवारी सोळा जणांना बोलावलंय.

जुना_खोंड | 11 मे 2025

चीज कर्ड्स आण. ताजी असली तर दाताखाली कुईकुई वाजतात. ती तळून वर हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे बिअरमध्ये उकडलेल्या ब्रॅटवर्स्टच्या बरोबरीने हीच संपतात. पण मे महिन्यात कुठला सामना बघताय?

बाराखडी | 11 मे 2025

जुने. रेकॉर्ड केलेले. म्हणूनच तर विचारलं, घटस्फोट की ठेचा.

काटकोन | 12 मे 2025

सगळे खेळाबद्दल बोलताय, पैशाबद्दल कोणी बोलत नाही. रीड दुसऱ्या फेरीतला, पन्नासावा. म्हणजे पहिल्या फेरीतल्यांसारखा पाचव्या वर्षाचा पर्याय (करार एक वर्ष वाढवण्याचा हक्क) क्लबकडे नाही, 2026 नंतर तो मोकळा. रिसीव्हर म्हणून करार मागायला बसला की समोरचे झेल आणि यार्ड बघणार. स्वीप आणि हूल यांचे कोणी पैसे देत नाही. गोल्डन आणि विल्यम्स आल्यावर त्याच्या एजंटने क्लबशी बोलून रीडची भूमिका काय ते विचारल्याची बातमी आलीच आहे. क्लब म्हणाला, काही बदललेलं नाही.

'काही बदललेलं नाही' हे वाक्य माझ्या मॅनेजरने मला एका मार्चमध्ये ऐकवलं होतं. जूनमध्ये मी नोकरी शोधत होतो.

शिवाय जेकब्स स्वतःच फेब्रुवारीत म्हणून बसला की आम्हाला पहिल्या नंबरचा रिसीव्हर हवा. गेल्या मोसमात संघात सगळ्यात जास्त झेल आणि यार्ड रीडचे! पोराने बातमी वाचून काय म्हटलं असेल?

चिंचवडचा_चीजहेड | 12 मे 2025

काटकोन, हे मनाला लागलं. मी चेंडू-चेंडू करतोय ते टीमसाठी. त्याच्या पोटापाण्याचा विचार डोक्यात आलाच नव्हता.

तरी माझं मत बदलतो, अर्धं. सात वेळा चेंडू द्या हे मागे घेतो. त्याऐवजी: दोन रिसीव्हरांच्या रचनेतून त्याला बाहेर काढू नका. अडवताना चुकला तर चुकू दे. रेषेपलीकडे, खूश?

रेषेपलीकडे | 12 मे 2025

अजिबात नाही. तुम्ही मूर्ख सल्ला धरून बसला होतात तेच शिकागोसाठी बरं होतं.

तिरकस | 12 मे 2025

मराठी संस्थळावर कोणीतरी मत बदललं. ॲडमिन, तारीख नोंदवून ठेवा.

आर्लिंग्टनची_आत्या | 29 ऑगस्ट 2025

धागा वर काढतेय, माफी असावी. आमच्या डॅलसच्या मायका पार्सन्सला तुम्ही नेलात! ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि केनी क्लार्क देऊन. तुम्हाला बचावात असं रत्न मिळालं आणि तुम्ही इथे मे महिन्यात एका स्लॉट रिसीव्हरच्या रेघा मोजत होतात. माझ्या घरात दुखवटा आहे. जर्सी कपाटात खाली, स्वेटरांच्या मागे.

सहकारमहर्षी | 29 ऑगस्ट 2025

आत्या, पाच लाख मालकांतर्फे आभार. जर्सी पार्सलने पाठवलीत तर टपालखर्च आम्ही देऊ.

चिंचवडचा_चीजहेड | 8 सप्टेंबर 2025

डेट्रॉइट 27-13 ने खलास! रीडचे तीन झेल, त्यात एक 17 यार्डांचा टचडाउन. पायाला दुखापत असताना, ऑगस्टमध्ये पायात दुखापतीचा आधाराचा बूट घालून फिरत होता तरी. कालनिर्णयावर नव्या मोसमाच्या रेघा सुरू. टिंबं मारायला गेलो आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये मोजणी चुकली.

कृष्णाकाठ | 8 सप्टेंबर 2025

टिंबं मोजण्यासाठी माणूस ठेवा. तेवढीच रोजगारनिर्मिती.

चिंचवडचा_चीजहेड | 12 सप्टेंबर 2025

काल वॉशिंग्टनला हरवलं, 27-18. लिहावंसं वाटत नाहीये.

आपला क्वार्टरबॅक लव्हने लांब फेकला. रीडने एंड झोनमध्ये झेलला. 39 यार्ड. मी घरात उडी मारली, पेन्सिल हातातच होती. मग पंचांचा झेंडा दिसला. आमच्याच गड्याने होल्डिंग (समोरच्याला हाताने धरून ठेवणं) केलेलं, टचडाउन रद्द. आणि रीड उठताना खांदा धरून. गळपट्टीचं हाड मोडलं. जो झेल झालाच नाही असं पंचांनी ठरवलं, त्या झेलात.

रेघ मारायची का नाही, सांगा.

तिरकस | 12 सप्टेंबर 2025

मारा.

फुलटॉस | 12 सप्टेंबर 2025

मारा. नो-बॉलवरचा षटकार असतो ना, तसा समजा. वाईट वाटलं.

जर्सीतली_आई | 12 सप्टेंबर 2025

चिरंजीवांनी सामना पाहिला. पायावरही शस्त्रक्रिया होणार आहे म्हणे, दोन्ही एकदमच उरकून घेणार. मुलगा म्हणाला, पाय दुखत असताना तो का खेळला. मी म्हटलं, तूच सांग. त्याने काही सांगितलं नाही, वर खोलीत गेला.

आर्लिंग्टनची_आत्या | 29 सप्टेंबर 2025

40-40. बरोबरीत. पार्सन्सच्या पहिल्या परतभेटीला आमच्या घरात चार तास बसून कोणीच जिंकलं नाही. पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या दोन्ही पक्षांनी निमूटपणे खाल्ल्या.

काटकोन | 29 सप्टेंबर 2025

तीन तिघाडा म्हणतात, हे तर चाळीस चाळीस. अवांतराबद्दल क्षमस्व. रीडशिवायही गुण होतात हे क्लबच्या हिशेबनिसाने टिपून ठेवलं असणार, एवढंच म्हणतो.

रेषेपलीकडे | 8 डिसेंबर 2025

काल तुमच्या लॅम्बो मैदानावर आम्ही 28-21 ने हरलो. शेवटी एंड झोनमध्ये तुमच्या निक्सनने चेंडू पळवला, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण चीजहेड, तुमचा माणूस परत आला. पहिल्या स्नॅपपासून मी त्याच्याकडेच बघत होतो, हे कबूल करायला लाज वाटते. किती रेघा?

चिंचवडचा_चीजहेड | 8 डिसेंबर 2025

स्टेडियमवर होतो हो, वरच्या रांगेत. तीन थर कपडे आणि दोन हातमोजे. पेन्सिल खिशात होती, बोटं खिशात जाईनात. सहकारमहर्षी शेजारच्याच गेटने आले होते, भेटलो. त्यांच्या डब्यात मिरचीचा ठेचा होता, गोठलेला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, मी टीव्हीवर बघून रेघा मारून ठेवल्यात. बघितलं तर तिने रेघाही मारल्यात आणि टिंबंही. आता दोन टिंबांवर वाद चालू आहे. तिचं म्हणणं, ते हूल देणारे रीड नव्हते, दुसरेच कोणी होते.